नगर्तपेटेतील मूस

बंगळूर हे शहर एकदा विकले गेले आहे, ही गोष्ट येथे तीस-चाळीस वर्षे काढलेल्या मराठी मंडळींनाही बहुधा ठाऊक नसते. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात उतरले, केम्पेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे आदिलशाहीकडे आले आणि पुढे ते राजांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण झाले. राजांच्या मागे व्यंकोजींनी तंजावरास बस्तान बसविले. दूरचे बंगळूर सांभाळणे जड जाऊ लागले, तेव्हा त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी तीन लाख रुपयांचा सौदा ठरविला. तो पुरा होण्याआधीच १६८७ च्या जुलैत मोगलांच्या कासिमखानाने शहर घेतले आणि तेवढ्याच रकमेस ते म्हैसूरकरांच्या हवाली केले, असे इतिहासकार सांगतात.

२०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाख रुपयांच्या पलीकडे गेला. म्हणजे ज्या रकमेत शहर गेले, त्या रकमेत आता तीन तोळ्यांची पाटलीही येत नाही! वाचक हसतील, आणि लगेच म्हणतील की तो रुपया वेगळा आणि हा वेगळा. बरोबर आहे. तो रुपया चांदीचा होता; आणि तेथूनच आमच्या विषयास आरंभ होतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकात सोन्याविषयी काही लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा राजेरजवाड्यांच्या खजिन्यांपेक्षा आमच्यासारख्या लहान माणसाच्या डब्यातल्या दोन-चार तोळ्यांचा इतिहास लिहावा असे आम्हांस वाटले.

ज्या काळी नाणेच धातूचे असे, त्या काळी लहान माणसास चांदी विकत घ्यावी लागत नसे. ती त्याच्या कनवटीलाच असे. १८३५ नंतरचा इंग्रजी रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. आमच्या आज्यांनी गाठोड्यात बांधून ठेवलेले राणीछाप रुपये ही त्यांची बँक होती. तिला वजन होते, शिक्का होता, आणि कस विचारावा लागत नव्हता. सोन्याच्या बाबतीत हेच काम इंग्रजी पौंडाने केले. सुमारे ८ ग्रॅम वजनाचे, बावीस कॅरटचे ते नाणे या शतकापूर्वी पंधरा रुपयांस चाले. पहिल्या महायुद्धात जहाजवाहतूक अडली तेव्हा १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीतही पौंड पाडले गेले. त्याच साली पंधरा रुपयांची सोन्याची मोहोरही निघाली. पौंड गेले, पण दक्षिणेत त्यांची सावली राहिली. तमिळ आणि मल्याळी शेजारीण आजही मुलीच्या लग्नाचे सोने ‘पवना’त मोजते, आणि एक पवन म्हणजे आठ ग्रॅम.

१९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. तेव्हापासून लहान माणसाच्या हाती शिक्क्याची धातू उरली नाही. धातू हवी तर सराफाच्या दारी जाणे आले, आणि शिक्क्याच्या जागी सराफाचा शब्द आला. हा बदल आमच्या मते फार मोठा होता. त्याची नोंद मात्र कोणी फारशी घेतली नाही.

विकण्याच्या वेळी काय होते, याचा पहिला मोठा धडा त्याआधीच १९३१ साली मिळाला होता. त्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले. १९२७ च्या कायद्याने शुद्ध सोन्याचा भाव तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै ठरला होता. तो आता चढू लागला. त्याच सुमारास जगभरच्या मंदीने धान्याचे, कापसाचे भाव कोसळले होते. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र तेवढेच राहिले. खेडोपाडीच्या बायकांच्या अंगावरचे सोने बाजारात आले आणि जहाजे भरभरून देशाबाहेर गेले. भाव चढला म्हणून हौसेने विकणारे त्यात थोडे. बहुतेकांनी नाइलाजाने विकले. लहान माणसाचे सोने निघते ते असे, अडचणीच्या दिवशी. तेव्हा घासाघीस करण्यास त्याच्यापाशी वेळ नसतो.

बंगळूरचा सोन्याशी संबंध नुसता बाजारापुरता नाही. येथून शंभर किलोमीटरवर कोलारच्या खाणी. १८८० च्या सुमारास जॉन टेलर कंपनीने तेथे आधुनिक पद्धतीने खणण्यास आरंभ केला आणि खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. शिवनसमुद्रची वीज १९०२ साली पहिल्यांदा धावली ती या खाणींकडे. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागण्यास १९०५ उजाडले. खाली घाम गाळणारे मजूर मुख्यत्वे तमिळ आणि तेलुगू, आणि सोने जाई लंडनला. १९५६ मध्ये खाणी म्हैसूर सरकारने घेतल्या, १९६२ मध्ये केंद्राने. २००१ च्या फेब्रुवारीअखेर त्या बंद पडल्या. शंभर-सव्वाशे वर्षे एवढे सोने या शहराच्या उशाशी निघाले, पण शहरातल्या कारकुनास ते कधी स्वस्त मिळाले नाही.

येथे आलेली आमची पिढी बहुतेक कारकून, तंत्रज्ञ आणि शिक्षकांची. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, टेलिफोन इंडस्ट्रीज, एच. एम. टी., भारत इलेक्ट्रॉनिक्स या कारखान्यांनी कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे येथली माणसे ओढून आणली. दिवाळीचा बोनस हाती आला की त्यातून एक ग्रॅम, दोन ग्रॅम सोने घ्यावयाचे, ते बहुधा गावाकडच्या सराफाकडे, सुटीत गेल्यावर. ‘आपला माणूस आहे’ हे त्याचे कारण. परमुलखातल्या दुकानावर विश्वास कसा ठेवावा? हे बोलणे आम्ही घरोघरी ऐकले आहे आणि स्वतःही बोललो आहोत.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमच्या मातुःश्रींचे लग्न १९६४ सालचे. त्याच्या आदल्या वर्षी, १९६३ च्या जानेवारीत, चीनच्या युद्धानंतरच्या परकीय चलनाच्या टंचाईत सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले होते. अर्थमंत्री मोरारजी देसाई. चौदा कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी आली. लोकांनी सोन्याचा हव्यास सोडावा, चोरटी आयात थांबावी, हा हेतू. प्रत्यक्षात हजारो सोनारांचे हात रिकामे झाले. देशभर मोर्चे निघाले, काहींनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. सोन्याची हौस काही गेली नाही. लग्ने थांबत नाहीत, आणि चौदा कॅरटची फिकी पाटली घालून सासरी जाण्यास कोणती मुलगी तयार होईल? दागिने बावीस कॅरटचेच घडत राहिले, फक्त मागच्या दाराने. आणि मागच्या दाराला पावती नसते.

आमच्या आजोबांनी गावाकडच्या सराफाकडून चार तोळ्यांच्या पाटल्या अशाच करून आणल्या. कस तोंडी सांगितलेला, बावीस. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट गेली, पण १९६८ साली नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने खासगी माणसास लगड किंवा बिस्किट बाळगण्याची मनाई केली, व्यापाऱ्यास परवाना आणि सोनारास दाखला लागू लागला. मंडळ स्थापन झाले ते याच कायद्याच्या अमलात. शंभर नंबरी सोन्याचा तुकडा कपाटात ठेवणे हा गुन्हा, आणि दागिना ठेवणे हा संसार, अशी ती व्यवस्था होती. ज्याला फक्त बचत करावयाची आहे त्यासही घडणावळ भरून दागिनाच घ्यावा लागे. लहान माणसावर तो एक न दिसणारा करच होता, असे आम्हांस आज वाटते.

१९८३ साली घराच्या साइटचा हप्ता भरण्याची वेळ आली आणि त्या पाटल्या मोडण्याचे ठरले. मोठ्या दुकानाने ‘आमच्याकडचा दागिना नाही’ म्हणून भाव फारच पाडून सांगितला. तेव्हा वडिलांच्या एका सहकाऱ्याने अॅव्हेन्यू रोडच्या मागे, नगर्तपेटेत जाण्यास सांगितले. सराफी करणाऱ्या नगर्त समाजाची ही जुनी वस्ती. सोन्याचांदीच्या बाजाराला कन्नडमध्ये ‘चिनिवारपेटे’ म्हणतात. वृत्तपत्रात भाव त्याच मथळ्याखाली येतात. गल्लीत एका माडीवर आठ-बाय-दहाची खोली, कोपऱ्यात भट्टी, भिंतीवर रेवणसिद्धाची तसबीर. आम्ही मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली. भट्टीपुढचा माणूस म्हणाला, “मराठीत बोला की. कुठलं गाव तुमचं?”

तो विट्याकडचा होता. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या खटाव-माण या अवर्षणी तालुक्यांतून निघालेली गलाईवाल्यांची ही जमात आज काश्मीरपासून केरळपर्यंत बहुतेक सराफ पेठांत आहे. शेतात पाणी नाही, म्हणून एक भाऊ गेला. त्याने चुलतभावास नेले, त्याने मेहुण्यास. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की नात्यातल्या दुकानात कामाला. दुकानातच झोपणे, तेथेच पाळीने स्वयंपाक, आणि वर्षातून एकदा गावी, बहुधा यात्रेला नाहीतर दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असते त्या वेळी. ते सोनार नव्हेत. बहुतेक कुणब्याची पोरे. दागिना घडविणे हे त्यांचे काम नव्हे. घडलेला मोडून त्यातले चोख सोने वेगळे काढणे हे त्यांचे काम.

ते कसे काढतात हे वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिले असेल. मोडीचे सोने मुशीत सवागीबरोबर वितळवितात. सवागीने मळ वर येतो. चोख करावयाचे असेल तर एक भाग सोन्यात सुमारे तीन भाग चांदी मिसळतात. ऐकताना उलटे वाटते, पण मर्म तेथेच आहे. सोने अधिक असले तर तेजाब आत शिरत नाही. चांदी पुरेशी असली की शोऱ्याचे तेजाब चांदी आणि तांबे दोन्ही खाऊन टाकते व तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच सोने. ती धुवून पुन्हा वितळविली की पिवळी होते. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी त्यांच्यावर परत जमते. म्हणजे तीही वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातला केरही वाया जात नाही. तो विकत घेऊन धुणारे झारेकरी निराळे. या साऱ्यात लाल धूर निघतो, तो छातीत बसतो, आणि दुकान म्हणजेच घर असल्याने त्यातून सुटका नसते.

त्या दिवशी त्याने आधी पाटली कसोटीच्या काळ्या दगडावर घासली, शेजारी ठराविक कसाच्या सुयांच्या रेघा ओढल्या, वर तेजाबाचा थेंब टाकला आणि काही न बोलता पुन्हा घासली. मग मातुःश्रींकडे पाहून म्हणाला, “ताई, बावीस नाही हे. एकोणीस बसतंय. तुम्ही म्हणाल तर वितळवून दाखवतो, नायतर तशाच परत घेऊन जावा.” मातुःश्रींचा चेहरा उतरला. वितळविले. एकोणीसच निघाले. चार तोळ्यांवर तीन कॅरट म्हणजे अर्धा तोळा चोख सोने पहिल्या दिवसापासून तेथे नव्हतेच. तक्रार कोठे करावी? खरेदीच कायद्याबाहेरची आणि पावती नाही. सराफ वारला होता, आणि आजोबाही. डाग देताना हलका धातू जास्त पडला, की जाणूनबुजून कस उतरविला, हे आता कळण्यास मार्ग नाही. हप्ता भरण्यास कमी पडले ते वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून भरले.

घरी येताना बसमध्ये मातुःश्री एवढेच म्हणाल्या, “आपला तो बावीस म्हणाला, आणि ह्या परक्याने एकोणीस सांगितले.” पण तो परका नव्हता, आणि हेच आम्हांस लिहावयाचे आहे. मंडळाच्या गणेशोत्सवाची वर्गणी मागण्यास आम्ही दर वर्षी त्या गल्लीत जात असू आणि कोणी रिकाम्या हाती पाठवीत नसे. नाटकाची तिकिटे मात्र आम्ही मल्लेश्वरम् आणि जयनगरात विकली. त्यांच्या मुलांना वक्तृत्वस्पर्धेत बोलावण्याचे आम्हांस कित्येक वर्षे सुचले नाही. एकाच शहरात एकच भाषा बोलणाऱ्या दोन वस्त्या, आणि मध्ये फक्त पावतीपुस्तक! आज त्या घरांतली मुले इंजिनिअर आहेत, मंडळाच्या कार्यकारिणीवर आहेत. ते त्यांनी स्वतःच्या पायांनी मिळविले. आम्ही बोलाविले म्हणून नव्हे.

या धंद्याचा आणखी एक काच आहे. चोर पकडला की तो ‘सोने अमक्याला विकले’ म्हणून कोणत्याही गलाईवाल्याकडे बोट दाखवितो, आणि पोलीस दारी येतात. भाषा परकी, गाव दूर. म्हणून आता तेथे ओळखपत्र आणि मूळ पावती मागतात. ग्राहकास राग येतो. पण ती मागणारा आपलेही रक्षण करीत असतो.

सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० च्या जूनमध्ये रद्द झाला. तो रद्द करणारे अर्थमंत्री मधु दंडवते, राजापूरचे खासदार. साध्या राहणीच्या या समाजवाद्याच्या हातून लहान माणसास चोख सोन्याचे बिस्किट बाळगण्याची मोकळीक मिळाली, ही इतिहासाची गंमतच. पुढच्याच वर्षी, १९९१ च्या जुलैत, परकीय चलन आटल्यामुळे रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण टाकण्यासाठी विमानाने पाठविले. घरोघरी जे होते तेच देशाने केले. आणि तेव्हा त्या सोन्याच्या कसाविषयी कोणास शंका घ्यावी लागली नाही, कारण त्यावर शिक्का होता.

दागिन्यावर शिक्का येण्यास त्यानंतर बराच काळ गेला. मानक ब्यूरोचे हॉलमार्क २००० साली सुरू झाले, पण ऐच्छिक. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ९१६ म्हणजे बावीस कॅरट, ७५० म्हणजे अठरा. क्रमांक ब्यूरोच्या मोबाइल अॅपवर घालून पाहता येतो. कस कमी भरला तर कमी पडलेल्या सोन्याच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. मातुःश्रींच्या पाटल्यांना हे मिळाले असते तर! पण त्यासाठी पावती लागते, आणि ‘पावती नको, कर वाचेल’ असे म्हणणारे दुकानदार व त्यांचे ऐकणारे ग्राहक अजून आहेत.

कसाचा प्रश्न मिटला तरी हिशेबाचा राहतोच. शंभर रुपयांच्या सोन्यावर दहा टक्के घडणावळ धरली आणि वर २०१७ पासूनचा तीन टक्के कर, की दागिना ११३ रुपये ३० पैशांस पडतो. मोडताना घडणावळ जाते, कर जातो, घटही धरतात. भाव तेरा-चौदा टक्के चढेपर्यंत आपण तोट्यातच असतो. नाण्यावर घडणावळ थोडी, पण तेही कोणाकडे परत विकता येईल हे आधी विचारावे. बँकांनी नाणी विकली, परत घेतली नाहीत. चांदीचे तर विचारूच नका. हुपरीच्या पैंजणांची नक्षी कितीही डोळ्यांत भरो, मोडीत ती वजनावर आणि कसावर जाते, आणि चांदीच्या दागिन्यांचा कस सोन्याहूनही बेभरवशाचा. शिवाय ‘तोळा’ शब्दाने फसू नये. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या दुकानातला दहाचा. जुन्या याद्यांवरून वाटण्या करताना भावाभावांत यावरून वाद झालेले आम्ही पाहिले आहेत.

सोने न देता सोन्यावरचा नफा देऊ म्हणणाऱ्यांविषयी काय लिहावे? २०१९ च्या जूनमध्ये याच शहरातली अशी एक पेढी बुडाली आणि हजारो लहान ठेवीदार रस्त्यावर आले. त्यांच्यापाशी वितळवून पाहण्यासारखे काहीच नव्हते.

गेल्या वर्षी आमच्या सूनबाईंची एक तुटलेली साखळी घेऊन आम्ही पुन्हा नगर्तपेटेत गेलो. माडी तीच, आता खाली काचेचा दरवाजा. १९८३ च्या त्या माणसाचा नातू बसला होता. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर, कन्नड आमच्याहून शतपट चांगले. शेजारी किरणांनी कस सांगणारे यंत्र. त्याने पावती पाहिली, साखळीवरचा क्रमांक भिंगातून वाचला, मोबाइलवर ताडून पाहिला, यंत्रात ठेवून आकडा आम्हांस दाखविला. सारे जुळले. मग खण उघडून आजोबांचा काळा दगड काढला आणि त्यावर एक रेघ ओढली. आम्ही विचारले, “आता ह्याची काय गरज?” तो म्हणाला, “यंत्र वरचं वरचं बघतंय, काका,” आणि तेजाबाची बाटली पुढे ओढली.